लघवी कितव्या पानावर येते? मूत्रपिंडविकाराच्या केस-संचांचं परीक्षण

वैद्यकीय विद्यार्थ्यांना मूत्रपिंडाच्या आजारांचं निदान केसेसमधून शिकवायचं तर तयार साहित्य साधारण तीन रूपांत मिळतं. पहिली केस-पुस्तिका, छापील किंवा पीडीएफ: एका पानावर केस, उलटल्यावर उत्तर. दुसरी मोबाइलवरची प्रश्नपेढी: सहा ओळींची केस, खाली पाच पर्याय. तिसरा सत्र-संच: टप्प्याटप्प्याने उघडायची कार्डं, सूक्ष्मदर्शीखालचे फोटो आणि शिक्षकासाठी वेगळी मार्गदर्शिका. हे परीक्षण या तीन प्रकारांचं आहे, एखाद्या ब्रँडचं नाही. गुणदोष इथे ब्रँडपेक्षा प्रकाराला जास्त चिकटलेले असतात.

संच हातात आला की आधी एकच गोष्ट शोधावी: लघवीची तपासणी कितव्या पानावर येते आणि कोणत्या रूपात येते. बहुतेक पुस्तिकांत ती शेवटी येते, तीही पचवून दिलेली: "लघवीत आरबीसी कास्ट आढळले." (कास्ट म्हणजे मूत्रपिंडाच्या नलिकेत बनून लघवीत आलेला सूक्ष्म साचा, आरबीसी म्हणजे लाल पेशी.) या वाक्यानंतर निदान करायला उरतंच काय? कास्ट शोधायचं, ते कास्टच आहे की काचेवरचा धागा हे ठरवायचं आणि त्यावरून मत बदलायचं, ही तिन्ही कामं लेखकाने स्वतः उरकलेली असतात. विद्यार्थ्याकडे राहतं फक्त जोड्या लावणं.

हाच दोष केसच्या पहिल्या ओळीतही असतो. "कोलाच्या रंगाची लघवी", "फेसाळ लघवी", "खोकल्यातून रक्त आणि क्रिएटिनिन वाढलेलं" (क्रिएटिनिन म्हणजे स्नायूंतून येणारा, मूत्रपिंडाने बाहेर टाकायचा कचरा) हे रुग्णांचे शब्द नव्हेत, परीक्षेचे परवलीचे शब्द आहेत. कोला म्हटलं की नेफ्रायटिक (मूत्रपिंडाच्या गाळणीची जळजळ, लघवीत रक्त), फेस म्हटलं की नेफ्रोटिक (लघवीतून भरपूर प्रोटीन). दोन महिन्यांची तयारी झालेला विद्यार्थी पुढचं न वाचताच पर्यायावर बोट ठेवतो. खरा रुग्ण म्हणतो, "डॉक्टर, लघवी जरा गडद होतेय, पाणी कमी पीत असेन." किंवा लघवीबद्दल चकार शब्द काढत नाही, सकाळी डोळ्यांखाली सूज येते आणि चप्पल घट्ट होते एवढंच सांगतो. चांगल्या संचात रुग्णाचं बोलणं असं कच्चं ठेवलेलं असतं आणि त्याचं रूपांतर विद्यार्थ्याला करावं लागतं: गडद म्हणजे लाल, तपकिरी की नुसती दाट पिवळी? पूर्ण धारेत की शेवटी? गाठी पडतात का? गाठी पडत असतील तर रक्त ग्लोमेरुलसमधलं, म्हणजे मूत्रपिंडातल्या सूक्ष्म गाळणीतलं, असण्याची शक्यता खूपच कमी होते, शोध मूत्रमार्गाकडे वळतो. हा एक प्रश्न विचारायला लावणारी केस दहा परवलीच्या केसेसना भारी पडते.

दुसरी कसोटी काळाची. मूत्रपिंडाच्या निदानातलं निम्मं काम "किती दिवसांपासून?" या प्रश्नात असतं आणि नेमकं तेच प्रश्नपेढ्यांना जमत नाही. सहा ओळींत एकच क्रिएटिनिन मावतं. ३.४ हा आकडा कालपासूनचा, तीन आठवड्यांतला की तीन वर्षांतला, यावर सगळा रस्ता ठरतो. केडिगो या आंतरराष्ट्रीय मूत्रपिंड-मार्गदर्शक संस्थेच्या २०१२ च्या व्याख्येनुसार ४८ तासांत ०.३ मिग्रॅ/डेलि वाढ, किंवा ७ दिवसांत मूळ पातळीच्या दीडपट, किंवा सलग ६ तास दर किलोमागे तासाला ०.५ मिलीपेक्षा कमी लघवी, यांपैकी काहीही झालं की तीव्र इजा. दीर्घकालीन आजार म्हणायला बिघाड ३ महिन्यांहून अधिक काळ टिकलेला हवा. म्हणजे जुना रिपोर्ट हाच इथला सर्वांत मोलाचा पुरावा, आणि तो मागितल्याशिवाय मिळू नये. संचात "मागील क्रिएटिनिन" असं वेगळं बंद कार्ड असेल तर तो संच बनवणाऱ्याने वॉर्डात काम केलेलं आहे असं खुशाल समजावं. जुना रिपोर्ट सापडला नाही तर काय, हेही हवं: सोनोग्राफीत ९ सेंमीपेक्षा लहान, पातळ कॉर्टेक्सची (बाहेरच्या थराची) मूत्रपिंडं दीर्घकालीन आजाराकडे बोट दाखवतात, पण मधुमेह, अमायलॉइड (अवयवांत असामान्य प्रोटीन साचण्याचा आजार) आणि एचआयव्हीमध्ये आजार जुना असूनही आकार नेहमीचा किंवा मोठा राहू शकतो, आणि पॉलिसिस्टिकमध्ये (मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होणाऱ्या आजारात) तर तो वाढतोच. अ‍ॅनिमियावरून "जुनाच आजार असणार" असं ठरवणारी उत्तरपत्रिका दिसली तर तिच्यावर लाल शेरा मारावा. अ‍ॅनिमिया तीव्र आजारातही असतो, आणि मायलोमात (अस्थिमज्जेतल्या पेशींच्या कर्करोगात) तर तोच मुख्य धागा असतो.

क्रिएटिनिनचा आलेख देणारे संच थोडे आहेत, पण शिकवण्यासारखं सगळ्यांत जास्त तिथेच आहे. उदाहरणादाखल ४० वर्षांचा पुरुष घ्या. मूळ क्रिएटिनिन ०.९, शस्त्रक्रियेत रक्तदाब बराच वेळ खाली राहिला, लघवी जवळजवळ बंद. पुढचे पाच दिवस: २.१, ३.४, ४.६, ४.९, ४.३. पहिल्या दिवशीचा २.१ हा आकडा २०२१ च्या सीकेडी-ईपीआय सूत्रात टाकला तर ईजीएफआर, म्हणजे क्रिएटिनिनवरून काढलेला गाळण्याचा अंदाजित वेग, ४० च्या आसपास येतो. प्रत्यक्षात त्या दिवशी गाळणी जवळपास शून्यावर आहे. क्रिएटिनिन साचायला वेळ लागतो, म्हणून रक्तातला आकडा मागे रेंगाळतो. पाचव्या दिवशी ४.३ ला तेच सूत्र १७ सांगतं आणि मूत्रपिंड तर सावरायला लागलेलं असतं. पातळी स्थिर नसताना हे सूत्र लावायचं नसतं, हे वाक्य प्रत्येक पुस्तकात आहे. पण प्रतिजैविकाचा डोस पहिल्या दिवशी ४० धरून आणि पाचव्या दिवशी १७ धरून लिहायला लावला, मग दोन्ही चुका उलट्या दिशांच्या कशा झाल्या हे दाखवलं, तर ते वाक्य डोक्यात बसतं. काही अ‍ॅप क्रिएटिनिनच्या प्रत्येक आकड्यापुढे ईजीएफआर आपोआप छापतात. तीव्र इजेच्या केसमध्येही. ही सोय नव्हे, चुकीची सवय लावणं आहे.

क्रिएटिनिन वाढलं पण मूत्रपिंडाला काहीच झालं नाही, अशी एक तरी केस संचात असावी. ट्रायमेथोप्रिम (प्रतिजैविक) आणि सिमेटिडीन (आम्लपित्ताचं औषध) नलिकांमधून होणारा क्रिएटिनिनचा स्राव अडवतात. युरिया जागचा हलत नाही, लघवी स्वच्छ, आकडा मात्र ०.९ वरून १.२. मधुमेही कीटोअ‍ॅसिडोसिसमध्ये जाफे या रंग बदलावरून मोजायच्या पद्धतीने मोजलेलं क्रिएटिनिन कीटोनमुळे खोटं वाढू शकतं. उलट बाजूने, स्नायू झडलेल्या वृद्धेचं ०.९ हे निरोगी मूत्रपिंडाचं लक्षण असेलच असं नाही. अशा केसेस कंटाळवाण्या वाटतात म्हणून लेखक त्या वगळतात आणि संचात एकामागून एक दुर्मीळ व्हॅस्क्युलायटिस (रक्तवाहिन्यांची जळजळ) भरतात.

आता लघवी. १८२७ मध्ये रिचर्ड ब्राइट यांनी सूज, लघवीतला अल्ब्युमिन आणि रोगट मूत्रपिंड यांचा संबंध मांडला तेव्हा तपासणी होती चमच्यात लघवी घेऊन मेणबत्तीवर तापवण्याची. आज लघवीत बुडवून रंग बघायची पट्टी आहे, पण पट्टी काय बघते आणि काय बघत नाही हे न सांगता "प्रोटीन २+" लिहून पुढे जाणारे संच चमच्याच्याही मागे आहेत. पट्टीवरचा प्रोटीनचा चौकोन मुख्यतः अल्ब्युमिनला रंग बदलतो. इम्युनोग्लोब्युलिनच्या (प्रतिपिंडांच्या) लाइट चेन, म्हणजे लहान साखळ्या, त्याला जवळजवळ दिसतच नाहीत. म्हणून ही केस बघा: वय ६६, महिनाभर पाठदुखी, हिमोग्लोबिन ८.४, क्रिएटिनिन ३.१, कॅल्शियम ११.४, पट्टीवर प्रोटीन नाममात्र. इथे कार्ड थांबायला हवं. पुढे जायला विद्यार्थ्याने प्रोटीन-क्रिएटिनिन गुणोत्तर किंवा सल्फोसॅलिसिलिक आम्लाची चाचणी मागायला हवी. गुणोत्तर ४.२ येतं, आम्लाने लघवी दह्यासारखी गढूळ होते, आणि पट्टी व प्रयोगशाळा यांच्यातला फरक हेच निदान ठरतं: मायलोमा. ज्या संचात गुणोत्तर पहिल्याच तक्त्यात छापलंय, तिथे या केसचा प्राणच काढून घेतलाय. गुणोत्तराची मर्यादाही एखाद्या टिपेत असावी: दिवसाला साधारण १ ग्रॅम क्रिएटिनिन टाकणाऱ्या माणसातच ते "ग्रॅम प्रतिदिन" म्हणून सरळ वाचता येतं. दिवसाला २ ग्रॅम टाकणाऱ्या पिळदार तरुणाचं गुणोत्तर २ असेल तर प्रोटीन ४ ग्रॅम जातंय, म्हणजे तो ३.५ ची नेफ्रोटिक रेषा ओलांडून बसलाय. याच्या उलट, खूप दाट किंवा पीएच ८ च्या वरच्या लघवीत पट्टी नसलेलं प्रोटीन दाखवते.

रक्ताच्या चौकोनाचंही तसंच. तो लाल पेशी मोजत नाही, हीमची (हिमोग्लोबिनमधल्या लोहयुक्त भागाची) रासायनिक क्रिया पकडतो. पट्टीवर रक्त ३+ आणि सूक्ष्मदर्शीखाली दर क्षेत्रात ०–२ लाल पेशी, ही जोडी दिसली की मायोग्लोबिन (स्नायूंतलं प्रोटीन) किंवा मोकळं हिमोग्लोबिन आठवायलाच हवं. सीरम गुलाबी असेल तर रक्तपेशी फुटल्यात, स्वच्छ असेल तर स्नायूंकडे वळून सीके (स्नायूंतलं एन्झाइम) मागवायचं. पण याच जोडीचं एक साधं कारणही आहे, जे उत्तरपत्रिका विसरतात: विशिष्ट गुरुत्व फार कमी असलेल्या (फार पातळ) लघवीत लाल पेशी फुगून फुटतात. नमुना तीन तास टेबलावर पडून होता का, हा प्रश्न त्या यादीत पहिल्या नंबरचा. आणि क जीवनसत्त्वाच्या गोळ्या भरपूर घेणाऱ्याच्या लघवीत रक्त असूनही चौकोन गप्प राहू शकतो.

गाळाच्या फोटोंबाबत जवळपास सगळेच संच नापास होतात. फोटो सुरेख असतो, आणि तोच दोष आहे. मधोमध एकच तपकिरी दाणेदार कास्ट, पार्श्वभूमी स्वच्छ, बाण काढलेला. वॉर्डातल्या काचेवर असं काही नसतं; तिथे त्वचेच्या पेशी, कापसाचे तंतू, बुडबुडे, यीस्ट (जे लाल पेशींसारखं दिसतं) आणि स्फटिकांचा कचरा असतो. चांगल्या संचात एका नमुन्याची ८–१० क्षेत्रं दिलेली असावीत, त्यांतली निम्मी निरुपयोगी, एकावरही बाण नसलेला, आणि विद्यार्थ्याने स्वतः मोजून लिहायचं. आकार बिघडलेल्या लाल पेशी किती, त्यांतल्या कानासारखे फुगवटे असलेल्या, म्हणजे अ‍ॅकँथोसाइट, किती? त्या लाल पेशींच्या ५ टक्क्यांहून जास्त असतील तर रक्त ग्लोमेरुलसमधून येतंय यावर बऱ्यापैकी भरवसा ठेवता येतो. व्हिडिओ असेल तर सोन्याहून पिवळं, कारण फोकस वरखाली केल्याशिवाय कास्टची कड कळत नाही.

नमुना कसा तयार करायचा याचं पान संचात नसेल तर ते स्वतः जोडावं. फोटो ओळखता येतात पण काच बनवता येत नाही असे इंटर्न त्यातूनच तयार होतात. ताजी, मधल्या धारेची सुमारे १० मिली लघवी घ्यायची आणि दोन तासांच्या आत तपासायची. सेंट्रिफ्यूजमध्ये ४०० जी-बलाने, नेहमीच्या टेबलावरच्या यंत्रात साधारण १५०० फेऱ्यांना, ५ मिनिटं फिरवायची. वरचं पाणी ओतून टाकून तळाशी अर्धा मिली ठेवायचं, बोटाने हलकेच टिचक्या मारून गाळ मिसळायचा, एक थेंब, वर कव्हरस्लिप. आधी कमी शक्तीच्या भिंगाखाली, कंडेन्सर खाली आणि उजेड कमी करून. प्रखर उजेडात हायलाइन (पारदर्शक) कास्ट दिसतच नाहीत. कास्ट कव्हरस्लिपच्या कडांना जमतात, म्हणून मधलाच भाग बघून "काही नाही" म्हणू नये. मग ४०० पट. गडबड बहुधा तीन ठिकाणी होते: गाळ जोरात हलवला की कास्ट मोडतात, नमुना शिळा झाला की लघवी अल्कधर्मी होऊन ते विरघळतात, आणि तळाशी ठेवायचा अर्धा मिली दर वेळी वेगळा राहिला तर दोन दिवसांच्या मोजणीची तुलनाच करता येत नाही.

एफईएनएचं, म्हणजे गाळलेल्या सोडियमपैकी किती टक्के लघवीत गेलं याचं, गणित सगळ्या संचांत आहे आणि ते बरं शिकवलेलं असतं. लघवीतलं सोडियम १२, रक्तातलं १३६, लघवीतलं क्रिएटिनिन १४०, रक्तातलं २.८: १२ गुणिले २.८, भागिले १३६ गुणिले १४०, म्हणजे ०.१८ टक्के, एकच्या खाली, रक्तपुरवठा कमी पडतोय. दोनच्या वर असेल तर नलिकांना इजा. इथवर ठीक. मग लगेच अशी केस हवी ज्यात हा नियम फसतो. लघवी वाढवणारं औषध घेणाऱ्यात आकडा उगाच वाढतो, तिथे युरियाचं उत्सर्जन बघायचं आणि ते ३५ टक्क्यांखाली आहे का ते तपासायचं. मायोग्लोबिन, कॉन्ट्रास्ट (स्कॅनसाठी टोचायचं द्रव्य) आणि सुरुवातीचा ग्लोमेरुलोनेफ्रायटिस (गाळणीची जळजळ) यांत नलिका किंवा ग्लोमेरुलस दुखावलेले असूनही आकडा एकच्या खाली राहू शकतो. ज्याची लघवी व्यवस्थित चालू आहे आणि मूत्रपिंडही ठीक आहे अशा माणसाचा एफईएनए एरवीही एकच्या खालीच असतो, ही गोष्ट सांगणारा संच क्वचितच दिसतो. आकडा अर्थपूर्ण होतो तो लघवी कमी झालेल्या तीव्र इजेत.

पुस्तिकांची रचना हा स्वतंत्र तक्रारीचा विषय. "प्रकरण ३: ग्लोमेरुलर आजार" या मथळ्याखाली आठ केसेस. मथळ्यानेच निम्मं निदान केलं. वॉर्डात रुग्णाच्या खाटेवर प्रकरणाचं नाव लावलेलं नसतं. अशी पुस्तिका फुकट घालवायची नसेल तर मथळे झाकून केसेस पिसाव्यात, आणि सारख्या दिसणाऱ्या दोन केसेस मुद्दाम शेजारी ठेवाव्यात. घसा आणि लाल लघवी ही सगळ्यांत कामाची जोडी. एकात घसा दुखायला लागल्यापासून दुसऱ्याच दिवशी लघवी लाल, सी३ (कॉम्प्लिमेंट या रक्तातल्या प्रतिकार-प्रोटीनांपैकी एक; सी४ दुसरं) नॉर्मल: आयजीए नेफ्रोपॅथी (आयजीए हे प्रतिपिंड गाळणीत साचणं). दुसऱ्यात घसा बरा होऊन दोन आठवडे झालेत, सूज, रक्तदाब वर, सी३ खाली, सी४ जवळपास नॉर्मल: स्ट्रेप्टोकोकस जंतूच्या संसर्गानंतरचा नेफ्रायटिस. आता तिसरं कार्ड टाका: दुसऱ्याच रुग्णाचा सी३ ८ ते १२ आठवड्यांनंतरही खालीच आहे. स्ट्रेप्टोकोकसनंतरच्या आजारात तो बहुधा ६ ते ८ आठवड्यांत सावरतो. न सावरलेला सी३ म्हणजे निदान पुन्हा उघडायचं, सी३ ग्लोमेरुलोपॅथीचा (गाळणीत सी३ साचण्याच्या आजाराचा) विचार करायचा. हे तिसरं कार्ड ज्या संचात आहे तो निदान "लावून टाकणं" शिकवत नाही. कॉम्प्लिमेंटचा नेहमीचा तक्ता (ल्युपस या स्वयंप्रतिकार आजारात दोन्ही खाली, थंडीत साकळणाऱ्या क्रायोग्लोब्युलिन प्रोटीनच्या आजारात सी४ फारच खाली, अँका आणि अँटी-जीबीएम या प्रतिपिंडांच्या आजारांत नॉर्मल) सगळीकडे असतो. तो असू द्यावा, पण केसेस संपल्यावर.

दुसरी जोडी मधुमेहाची. दोघांनाही टाइप २ मधुमेह, दोघांच्याही लघवीत ५ ग्रॅम प्रोटीन. एकाला बारा वर्षांचा मधुमेह, डोळ्यांच्या पडद्यावर बदल, प्रोटीन वर्षांगणिक हळूहळू वाढलेलं. दुसऱ्याचं प्रोटीन सहा महिन्यांपूर्वी नव्हतंच, पडदा स्वच्छ, गाळात बिघडलेल्या लाल पेशी. पहिल्याला बायोप्सीची घाई नाही. दुसऱ्याला "मधुमेहामुळेच असेल" म्हणून घरी पाठवणं ही चूक. उत्तरात मात्र एक पळवाट उघडी ठेवावी लागते: पडदा स्वच्छ असला म्हणून मधुमेही मूत्रपिंडविकार नाहीच असं टाइप २ मध्ये म्हणता येत नाही.

औषधाने होणाऱ्या इंटरस्टिशियल नेफ्रायटिसच्या (नलिकांभोवतीच्या ऊतींच्या जळजळीच्या) केसेस जवळपास सगळीकडे एकाच साच्यातल्या: ताप, पुरळ, इओसिनोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी), पेनिसिलिन. ही तिन्ही लक्षणं एकत्र दहातल्या एखाद्याच रुग्णात दिसतात. हल्ली ओपीडीत येणारा नमुना वेगळा असतो: आम्लपित्ताची गोळी काही महिने चालू, ना ताप ना पुरळ, क्रिएटिनिन सावकाश वर, गाळात पांढऱ्या पेशी पण कल्चर निर्जंतुक. औषधांची यादी विद्यार्थ्याने खणून काढायची असेल तर ती केसमध्ये नीट लपवलेली हवी, "आणखी काही गोळ्या?" असं दोनदा विचारल्यावरच मिळणारी. लघवीतल्या इओसिनोफिलवर निदान टेकवणारी उत्तरं दिसली तर संच जुना आहे. वंशावर आधारित गुणक वापरणारं ईजीएफआर सूत्र आणि मूत्रपिंड "वाचवायला" कमी डोसचं डोपामिन, या आणखी दोन जुनाट खुणा.

बायोप्सीचा फोटो बहुतेक संच बक्षीस असल्यासारखा शेवटच्या पानावर देतात. तिथेही विद्यार्थ्याने आधी ठरवावं: करायची का, आज करायची का, आणि करायच्या आधी काय बघायचं? रक्तदाब आटोक्यात आहे का, प्लेटलेट व गोठण्याच्या चाचण्या, रक्त पातळ करणारी औषधं, सोनोग्राफीत मूत्रपिंडं दोन आहेत ना. लहान मुलाच्या नेहमीच्या नेफ्रोटिक सिंड्रोममध्ये आधी स्टिरॉइड दिलं जातं, सुई नाही. नेफ्रोटिक सिंड्रोम, अँटी-पीएलए२आर हे प्रतिपिंड पॉझिटिव्ह आणि गाळणी शाबूत असलेल्या प्रौढातही मेंब्रेनस नेफ्रोपॅथी (गाळणीचा पडदा जाड होण्याचा आजार) म्हणायला बायोप्सी लागेलच असं नाही. आणि रिपोर्ट आला म्हणजे प्रश्न मिटला, असंही नाही. फोकल आजारात दर दहांतला एक ग्लोमेरुलस बाधित असेल आणि नमुन्यात १० ग्लोमेरुलस आले, तर सगळेच निरोगी निघण्याची शक्यता ३५ टक्के. २० आले तर १२ टक्के. "मिनिमल चेंज" (साध्या सूक्ष्मदर्शीखाली ग्लोमेरुलस जवळपास निरोगी दिसणं) हा रिपोर्ट वाचताना ग्लोमेरुलस किती होते हे विचारायला लावणारं कार्ड फार थोड्या संचांत आहे. ज्यांत आहे ते ठेवून घ्यावेत.

सत्र-संच या तिघांत सगळ्यात चांगला, पण तो शिक्षकावर अवलंबून. पाच ते आठ विद्यार्थी, एक केस, पाऊण ते एक तास. प्रत्येक कार्डानंतर प्रत्येकाने रुग्ण एका वाक्यात मांडायचा (वय, काळ, सिंड्रोम, मुख्य पुरावा), तीन निदानं क्रमाने कागदावर लिहायची, आणि पुढचं कार्ड मागताना ते कशासाठी हवं हे सांगायचं. लिहिणं महत्त्वाचं, नुसतं बोलू दिलं तर पहिल्या हुशार मुलाच्या मागे सगळे जातात. चाचण्यांवर मर्यादा घालावी, समजा एका केसला सहा. नाहीतर "सगळे मार्कर पाठवू" हेच उत्तर येतं, आणि पन्नाशीतल्या धडधाकट माणसाचा कमी पातळीचा एएनए (ल्युपससाठी बघतात ते प्रतिपिंड) सगळ्या गटाला ल्युपसच्या मागे पळवतो. मार्गदर्शिका कशी ओळखावी? विद्यार्थी चुकला तर कोणता प्रश्न विचारायचा हे लिहिलंय की नुसतंच बरोबर उत्तर, ते बघावं. बऱ्याच मार्गदर्शिका म्हणजे पुस्तिकेचीच मागची पानं असतात आणि शिक्षक विसाव्या मिनिटाला व्याख्यान देऊ लागतो.

मग कोणी काय घ्यावं? एकट्याने अभ्यास करणाऱ्याला प्रश्नपेढी आम्ल-अल्क, सोडियम आणि एफईएनए यांच्या सरावाला उत्तम; तिथे उत्तर खरंच आकड्यात असतं. ग्लोमेरुलर आजारांसाठी तिच्यावर विसंबू नये. पुस्तिका स्वस्तातला मार्ग आहे, पण कात्री लावून वापरावी: केसची पानं कापून सहा तुकडे करायचे, लघवीचा तुकडा दुसऱ्या क्रमांकावर आणायचा, "कास्ट आढळले" हे वाक्य काळं करून त्याजागी फोटो चिकटवायचा. पाऊण तासाचं काम आहे आणि पुस्तिकेची किंमत वसूल होते. शिकवायला गट आणि वेळ दोन्ही असेल तर सत्र-संचच घ्यावा.

केसेस पुढच्या बॅचपर्यंत फुटतात, म्हणून काही शिक्षक दर वर्षी आकडे बदलतात. हे जपून करावं. एक आकडा हलवला की बाकीचे हलवावे लागतात: क्रिएटिनिन ६ केलं आणि पोटॅशियम ३.९, बायकार्बोनेट २५ तसंच ठेवलं, तर त्या रुग्णाला उलट्या होतायत की काय अशी शंका घ्यायला जागा होते. अल्ब्युमिन १.८ केलं तर अपेक्षित अ‍ॅनायन गॅप (सोडियममधून क्लोराइड आणि बायकार्बोनेट वजा केल्यावर उरणारा आकडा) साडेपाचने खाली येतो. एका बदललेल्या केसमध्ये सोडियम १३८, क्लोराइड १०२, बायकार्बोनेट १०, अल्ब्युमिन व लॅक्टेट नॉर्मल, कीटोन नाहीत आणि क्रिएटिनिन १.४ असं उरलं, समजा. गॅप २६. उत्तरपत्रिकेत "मूत्रपिंड निकामी झाल्याने आलेला अ‍ॅसिडोसिस" लिहिलेलं, आणि मागच्या बाकावरचा विद्यार्थी विचारतो, इथिलीन ग्लायकॉल किंवा मिथेनॉल (विषारी अल्कोहोल) घेतलंय का, ऑस्मोलॅलिटी (रक्तात विरघळलेल्या कणांचं प्रमाण) किती आहे? त्याला पूर्ण गुण द्यावेत आणि उत्तरपत्रिका दुरुस्त करावी.